लंगड्या कावळ्याची भाकरी

“माझी परात नेली ती नेली, वर मलाच सांगत्यात, मावशी जरा हळू थापा, सेन्सरला लागतंय. तीस वर्सं थापतीय मी. तुझ्या हाताला लागतंय का गं, म्हनून मला कुनी इचारलं न्हाय.”

चंद्रव्वा हे तव्याला सांगत होती. पण तवा आणि सिद्धेश्वरी यांच्यात जेमतेम हातभर अंतर, त्यामुळे तव्याला सांगितलेलं सगळं सिद्धेश्वरीलाच ऐकू येई, आणि ते चंद्रव्वालाही ठाऊक होतं. मालकिणीला तोंडावर जे बोलायचं नसतं ते तव्याला सांगायचं, ही त्या दोघींची जुनी रीत.

“दुसरी परात दिली की तुला,” सिद्धेश्वरी म्हणाली.

“दिली की. मी कुटं काय म्हनलं?” चंद्रव्वाने भाकरी उलटली. “नवी लई नाचती, अक्का. जुनी बसली की बसायची.”

यात खोटं काही नव्हतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिद्धेश्वरीचा कडक भाकरीचा धंदा होता. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची, चुलीच्या कडेला उभी करून शेकायची आणि मग गच्चीवर फडक्यावर उन्हात पसरायची, की ती पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. चार बायका कामाला होत्या, पण चंद्रव्वासारखी कड कुणाच्या हाताला येत नसे. बाई कानडी मुलखाच्या सीमेवरच्या मैंदर्गीची, मराठी नवऱ्याकडून शिकलेली. विस्तवावर चिडली की अजून कानडीतच चिडायची. तिच्या तळव्याखाली झिजून झिजून जुनी परात मधोमध किंचित खोल झाली होती. आणि तीच परात गेले सात महिने पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर, पोटाखाली चार वायरी घेऊन बसली होती.

कारण सिद्धेश्वरीच्या घरात व्हिडिओ गेम तयार होत होता.

गेम तिच्या मुलीचा, अक्षताचा. अक्षता पुण्यात एका मोबाइल गेमच्या कंपनीत होती. तिथं तिने तीन वर्षं रंगीत खडे फोडायचे खेळ केले. एका रांगेत तीन खडे आले की फुटतात, मग आणखी येतात, मग तेही फुटतात. वडिलांच्या आजारपणात रजा घेऊन आली ती परत गेलीच नाही. शाळेतला दोस्त ताबीश चित्रं आणि आवाज करायचा, अक्षता बाकीचं सगळं. आता आठ दिवसांवर बेंगळुरूचं प्रदर्शन होतं. तिथं मोठ्या कंपन्यांची माणसं खेळ बघत हिंडतात. एखाद्याने यांच्या खेळात पैसे घातले, तर हे दोघं सोलापुरात बसून आपल्या मनाचे खेळ करत राहणार. नाहीतर अक्षता पुण्याला, पुन्हा खडे फोडायला. तसं तिने जेवता जेवता सांगून टाकलं होतं, आणि मग चटणी मागितली होती.

बेंगळुरूवाल्यांनी स्टॉल दिला तो परातीमुळे. परातीवर दोन्ही हातांनी थापायचं, तसतशी टीव्हीवरची भाकरी पसरत जायची. जोरात थापलं की फाटणार, एका बाजूला थापलं की कड चिरणार. पाठवलेल्या व्हिडिओत चंद्रव्वाचे नुसते हात होते. त्यांनी लिहिलं, असा कंट्रोलर आम्ही कुठं पाहिला नाही.

तो कंट्रोलर केला होता महेश्वरने, म्हणजे सिद्धेश्वरीच्या नवऱ्याने.

महेश्वरचं पॉवरलूमच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान होतं. जळालेली मोटार त्याच्या टेबलावर आली की केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेटोळे तो न बघता घालायचा, गप्पा मारत. दोन दिवाळ्यांमागे त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, पण उजव्या हाताची तीन बोटं त्याचं ऐकेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो कॉटखाली गेला आणि तिथंच राहिला. दुकान दुसऱ्याला दिलं. मग हा माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. सिद्धेश्वरी शेडमधून दहा वेळा येऊन बघायची. झोपलेला असला तर बरं वाटायचं, आणि जागा असूनही हलत नसला की ती उगाच पाणी हवं का विचारायची.

त्याच दिवसांत अक्षताने त्याच्या उशाशी बसून फोनवर एक लहानसा खेळ केला होता. गच्ची, फडकं, फडक्यावर भाकऱ्या, आणि कावळे. कावळ्यावर अंगठा ठेवला की तो उडायचा. जास्त हाकललं की ते शहाणे होत, दोघं मिळून येत, एकजण फसवायचा आणि दुसरा न्यायचा. त्यात एक कावळा लंगडा होता. तो शेवटी यायचा आणि लांब उभा राहायचा. त्याला एक भाकरी नेऊ दिली तर तो बाकीच्यांना थोडा वेळ दूर ठेवायचा, नाही दिली तर निमूट जायचा, आणि दुसऱ्या दिवशीच्या खेळात यायचाच नाही. तो न आल्याने तसं काही अडत नसे. पण खेळणारा त्या रिकाम्या कठड्याकडे बघत राहायचा. कावळ्याचा आवाज ताबीशने स्वतःच्या घशातून काढला होता, आणि त्यापायी दोन दिवस त्याला बोलता येत नव्हतं.

अक्षताने तो खेळ वडिलांच्या हातात दिला. अंगठा एकीकडे, कावळा दुसरीकडे. महेश्वरने तीनदा करून बघितलं. “चांगला हाय,” म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, “अप्पा, बोटं न लावता, नुसत्या तळहाताने खेळता येईल असं काही करता येतं का हो?”

महेश्वर उठून बसला. कोपऱ्यावरच्या ईरप्पा किराणावाल्याकडचा बिघडलेला वजनकाटा आणवला, त्याच्या पोटातले सेन्सर काढले आणि चंद्रव्वाची परात मागितली. वायरींना कथिलाचा डाग आधी डाव्या हाताने लावायचा, मग उजव्याने. दोनदा गरम डागणी मांडीवर पडली, लेंग्याला भोकं पडली. सिद्धेश्वरीने ती भोकं शिवली नाहीत, मुद्दामच. तीन महिन्यांत तो उजव्या हातात डागणी धरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जे काय चाललंय ते थांबवू नका.

आता मला सांगा, थांबवणार कोण?

पण सिद्धेश्वरीला दिसत होतं. परातीला दोन्ही हात लागत, मग कावळ्याला हाकलायला हात कुठला? म्हणून कावळे गेले. सुरुवातीला अक्षताने त्यांना आपोआप उडायला लावलं, मग नुसता आवाज ठेवला, मग तोही काढला. लंगडा सगळ्यांत शेवटी गेला. त्यानंतर परातीला वजन कळायला लागलं, तर खेळात वजनाचा हिशेब आला. परातीला ओला हात कळायला लागला, तर पाणी लावायचं आलं. दर पंधरा दिवसांनी महेश्वर नवीन काहीतरी घेऊन यायचा, “बघ, हे पन कळतंय आता हिला!” आणि अक्षता आपलं चाललेलं मोडून परातीच्या मागे जायची. खेळात राहिलं काय? भाकरी थापा. दहा झाल्या की अकरावी.

सहा वर्षांपूर्वी सिद्धेश्वरीने भाकरी दाबायचं यंत्र घेतलं होतं. अख्खी गल्ली बघायला आली. दाबलं की गोल, दाबलं की गोल. लोकांनी यंत्राची इतकी तारीफ केली की भाकरी खाऊन बघायचं कुणाला सुचलं नाही. पहिली तक्रार आली ती पाकिटं गिऱ्हाइकांकडे गेल्यावर. अजून ते यंत्र शेडच्या कोपऱ्यात आहे आणि त्याच्यावर पिठाचे डबे छान बसतात.

हे तिने अक्षताला सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा महेश्वर खोलीत होता आणि उजव्या हाताने वायर सोलत होता.

ती एवढंच करायची, की दुपारी गच्चीवर भाकऱ्यांची राखण करायला बसली की जुन्या फोनवर तो पहिला कावळ्यांचा खेळ काढायची. अक्षताने आपल्या नव्या फोनवरून तो पुसून टाकला होता, पण आईला दिलेल्या जुन्यावर राहून गेला होता. गेल्या आठवड्यात ती फोनमधल्या कावळ्यांना हाकलण्यात इतकी गुंगली की खऱ्या कावळ्यांनी दोन भाकऱ्या नेल्या. तिने हे कोणाला सांगितलं नाही. चंद्रव्वाने मात्र संध्याकाळी भाकऱ्या उतरवताना तव्याला सांगितलं.

*

रविवारी दुपारी अक्षताने शेवटची चाचणी ठेवली. पुढच्या खोलीत सतरंजी घातली. ताबीशची मोठी बहीण झीनत आली, शाळेत गणित शिकवणारी. ईरप्पा दुकान पोराकडे सोपवून आला. कॉलेजच्या दोन मुली आल्या. चंद्रव्वाला हात धुऊन बोलावून आणलं. महेश्वर इस्त्रीचा शर्ट घालून परातीशेजारी पाटावर बसला होता.

“हिच्यात माझा काटा हाय बरं का,” ईरप्पाने आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं.

“म्हनूनच सगळं जरा कमीच दावतंय,” चंद्रव्वा म्हणाली.

झीनत आधी बसली. तिने परातीवर हात ठेवला, टीव्हीवर पिठाचा गोळा हलला, आणि ती लहान मुलीसारखी ओरडली, “अगंबाई! काय परात आहे, काका!” पाच भाकऱ्या केल्या, ताबीशकडून फोटो काढून घेतला आणि उठली.

“आणि गेम, आपा?” अक्षताने विचारलं.

“गेम पण छान आहे की. परात तर, काय बोलू!”

सिद्धेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात पन्ह्याचे पेले भरत होती. तो ‘पण’ तिच्या कानाला टोचला. कॉलेजच्या मुलींनीही फोटो काढले, व्हिडिओ काढले, परात उलटी करून खालच्या वायरी पाहिल्या. ईरप्पाने तीन भाकऱ्या केल्या आणि काटा अजून कसा बिनचूक आहे यावर बोलत राहिला. कुणी म्हणालं नाही, थांबा, मला अजून एकदा.

चंद्रव्वा बसली तेव्हा मात्र सगळे पुढे सरकले. तिचे हात आपल्या जुन्या परातीवर पडले आणि तो आवाज, तो ठेका, इतका नेमका आला की महेश्वरने डोळे मिटले. तीन भाकऱ्या, तिन्ही चंद्रासारख्या.

“आता पुडं काय?” तिने विचारलं.

“पुढं चौथी, मावशी,” ताबीश म्हणाला.

“ती तर मी मागच्या शेडात पन करतीय की.”

सगळे खो खो हसले. अक्षताही हसली, ताबीशही हसला, आणि त्या हसण्याखाली ते वाक्य गडप झालं. सिद्धेश्वरीने दोघांकडे पाहिलं. हसून झाल्यावर दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

“थांबा, खरी गंमत अजून हाय,” महेश्वर म्हणाला. त्याने पाटाखालून एक तार ओढली. “हिच्या बुडाशी इस्त्रीची कॉइल बसवलीय. भाकरी तव्यावर टाकली की परात गरम व्हनार, हाताला. सोसंल इतकीच. जरा जमवाय लागंल, पर आठ दिवस हायत की हातात. न्हाय का गं?”

ते आठ दिवस अक्षताने खेळासाठी राखून ठेवले होते, हे सिद्धेश्वरीला माहीत होतं. परवाच ती ताबीशला दबक्या आवाजात म्हणत होती, आठ दिवसांत कावळे परत आणता येतील का रे? आणि तो म्हणाला होता, हौ, येतील, पण परातीचं काय करायचं, ते तू काकांना सांगशील का?

“हो अप्पा,” अक्षता म्हणाली. “करू की.”

महेश्वरने बटण दाबलं. परातीखाली काहीतरी चटकन वाजलं, टीव्ही विझला, पंखा मंदावत मंदावत थांबला.

“काय न्हाय, काय न्हाय! मेन पडला,” महेश्वर म्हणाला आणि उठून मीटरकडे गेला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर जुना, मोटार दुरुस्तीला आल्यावरचा उल्हास होता.

उकडायला लागलं. झीनत पदराने वारा घेत सिद्धेश्वरीजवळ येऊन बसली. पेले वाटून झाले होते, हात रिकामे होते, आणि दुपारच्या या वेळेला रिकामा हात कमरेच्या फोनकडे जायची सिद्धेश्वरीला सवय झालेली. तिने खेळ कधी काढला ते तिचं तिलाही कळलं नाही.

“काकी, हे काय?”

“काय न्हाय. कावळं.”

“मला द्या की जरा.”

झीनतने दोन कावळे उडवले, तिसऱ्याने भाकरी नेली. “अरे! हा मागून आला!” कॉलेजची एक मुलगी गुडघ्यावर सरकत आली. दुसरी तिच्या खांद्यावरून डोकावली. ईरप्पाने चष्मा लावला.

“त्याला नका हाकलू, आपा, त्या लंगड्याला,” ती मुलगी म्हणाली.

“अगं, पण नेतोय की भाकरी!”

“नेऊ दे एक. बघ तरी काय करतो,” सिद्धेश्वरी म्हणाली.

“एक दिली की रोज येनार,” ईरप्पा म्हणाला. “माज्या दुकानाचा अनुभव हाय.”

“येऊ दे की रोज! तुमची भाकर हाय व्हय?” चंद्रव्वा त्याच्यावर खेकसली. “त्यो आमच्या शेडामागच्या पिंपळावरचा हाय. वळखते मी त्याला.”

झीनतने लंगड्याला हाकललं. पुढचा दिवस उजाडला, कावळे आले, लंगडा आला नाही. “कुठं गेला?” तिने विचारलं. “पुन्हा पहिल्यापासून करता येतं ना?” ती म्हणाली, आणि दोन्ही मुली एकदम, “आता आमची पाळी, आपा!”

अक्षता टीव्हीपाशी, परातीची वायर हातात धरून उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि तिला कोणाचं भान राहिलं नव्हतं. शाळेत आपली असलेली आणि मग हरवलेली मैत्रीण भर बाजारात दिसावी, आणि ती आता बोलेल की नाही कळू नये, तसा तिचा चेहरा झाला होता.

पंखा गरगरायला लागला. टीव्ही उजळला, त्याच्यावर पिठाचा गोळा वाट बघत बसलेला.

“चला!” दारातून महेश्वर म्हणाला. “आता कोन येतंय?”

कुणीच उठलं नाही. आधी कुणाला ऐकू गेलं नव्हतं, आणि ऐकू गेल्यावर उठायला उशीर झाला होता. “येते की काका, हिचा एवढा दिवस होऊ दे,” झीनत म्हणाली, आणि म्हणताना तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. ताबीश धावत परातीपाशी जाऊन बसला. कुणीतरी बसायला हवं होतं.

“काय हाय ते?” महेश्वरने हात पुढे केला.

मुलीने फोन दिला. अक्षता म्हणाली, “जुनं आहे अप्पा, ते काही नाही,” पण तो सतरंजीवर बसला होता. पहिल्या दिवशी कावळ्यांनी सगळ्या भाकऱ्या नेल्या. त्याचा अंगठा अजून घसरत होता, आधीपेक्षा कमी, पण घसरत होता. त्याने पुन्हा सुरू केलं. लंगडा आला, लांब उभा राहिला. महेश्वरचा अंगठा त्याच्यावर थांबला आणि मग उचलला गेला. लंगड्याने भाकरी नेली. “जा,” महेश्वर पुटपुटला. तिसऱ्यांदा खेळला. चौथ्यांदा खेळताना त्याला खोलीत माणसं आहेत हे आठवलं.

“ह्यो मला जमत न्हवता,” तो म्हणाला.

“होय,” अक्षता म्हणाली.

“अजून बी जमत न्हाय.” त्याने फोनकडे पाहिलं, मग परातीकडे. “आन तरी फोन सोडवंना.”

ताबीश परातीवर हात ठेवून बसला होता आणि थापत नव्हता. अक्षताने तोंड उघडलं. सिद्धेश्वरीला कळलं की पोरगी आता म्हणणार, नाही अप्पा, परात जास्त चांगली आहे, लोकांना तीच आवडते. आणि ते खरंही होतं. लोकांना परातच आवडत होती.

“तू न्हाय,” महेश्वरने हात वर केला. “तू माजी लेक हायस, तू गोडच बोलनार.” त्याने चंद्रव्वाकडे पाहिलं, तर ती नेमकी पदराचं टोक बघत होती, इथं तवा नव्हता. मग तो दाराकडे वळला.

“सिद्धेश्वरी.”

पूर्ण नाव तो क्वचितच घ्यायचा. दवाखान्यात जीभ सुधारल्यावर पहिल्यांदा घेतलं होतं, ती अडखळत नाही हे बघायला.

“तू सांग. परातीचं इचारत न्हाय मी. खेळाचं सांग.”

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात गुडघ्यावर होता, बोटांवर डागणीचे लहान लहान काळे ठिपके. तिला कॉटखालचा चेंडू आठवला आणि ती भिंत आठवली. मग टीव्हीपाशी वायर धरून उभी असलेली पोरगी दिसली, जिच्याकडे आठ दिवस होते. गिऱ्हाइकाला ती कधी शिळी भाकरी ताजी म्हणून विकत नसे. सात महिने घरात मात्र तेच चाललं होतं, आणि त्या विक्रीला तीही बसली होती.

“परात लई गुणाची हाय, आवो,” ती म्हणाली. “तिनं तुमाला उटवलं. पर तिच्यावरचा खेळ बेकार हाय. आन हे ह्या घरात तुमच्याबिगर सगळ्यांना ठावं हाय.”